राइस मिलचं आपोआप गेट

गुणवंतरावांना नागपूरच्या रस्त्यावरच्या टोल नाक्याचा फार राग यायचा. आपली एवढी मोठी गाडी, आणि कोण कुठला एक रंगीत दांडा तिला अडवतो म्हणजे काय? पण नागभीडला पोचेपर्यंत त्या रागाचा हेवा झालेला असे. आपल्याही दारात असा दांडा असावा, लोकांनी त्याच्यासमोर निमूट थांबावं आणि आपण आत खुर्चीत बसून बटण दाबावं, हे चित्र त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. ब्रह्मपुरी रोडवर त्यांची राइस मिल होती. तिला चांगलं लोखंडी फाटक होतं, इतवारी नावाचा चौकीदार ते उघडायचा, लावायचा, आणि आजवर त्या फाटकाने कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं. पण माणसाने ढकललेल्या फाटकात रुबाब तो काय असणार?

म्हणून त्यांनी फरहतला बोलावलं.

फरहतचं स्टेशन रोडला दुकान होतं. तिचे वडील बशीरभाई जळालेल्या विजेच्या मोटारींना नवी तार भरून द्यायचे. ती पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून आली, आणि वडिलांच्या मागे त्याच दुकानात पॅनेल बनवू लागली, मिलच्या आणि पाणीपुरवठ्याच्या वायरिंगची कामं घेऊ लागली. गावात तिचं काम सगळ्यांना हवं असे, तिचं तोंड कोणालाच नको असे. तिला हे ठाऊक होतं आणि त्याचं तिला जराही वाईट वाटत नव्हतं.

गुणवंतरावांनी आपल्या मागण्या सांगितल्या. दांडा झगझगीत लाल-पांढरा हवा. वर फिरता दिवा हवा. गाडी आली की आतून ‘स्वागत आहे’ असा बाईचा आवाज यायला हवा. फरहतने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की दांड्याखाली माणूस असला तर काय व्हायला हवं. यावर गुणवंतरावांनी काहीच विचार केला नव्हता. माणसाने दांड्याखाली यायचंच कशाला, एवढंच त्यांना सुचलं.

तिने त्यांना समजावून सांगितलं, म्हणजे लहान मुलाला सांगतात तसं, मुद्दाम हळूहळू. रस्त्यात तारेचं एक वेटोळं पुरायचं. वर गाडी असली की ते दांडा हलवणाऱ्या कंट्रोलरला कळवतं. पण त्या वेटोळ्याला लोखंड कळतं, माणूस कळत नाही, बैलही कळत नाही. म्हणून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे खांब, त्यांच्यावर समोरासमोर दोन डोळे. मध्ये काहीही आडवं आलं की त्या डोळ्यांमधली ओळ तुटते, आणि ओळ तुटली की दांडा खाली येत नाही, येत असला तर परत वर जातो. डोळा बिघडला, वायर उंदराने खाल्ली, तरीही दांडा वरच राहील, अशीच जोडणी ती करणार होती.

“म्हणजे बिघडलं का गेट उघडंच?” गुणवंतरावांनी विचारलं.

“हो.”

“मंग त्या गेटचा फायदा काय?”

“भाऊ, उघड्या गेटानं कोणाचं डोकं फुटत नाई,” फरहत म्हणाली.

काम सुरू झालं तेव्हा गुणवंतराव रोज येऊन बघत आणि रोज काहीतरी बोलत. मोटारीची आणि डोळ्यांची वायर वेगवेगळ्या पाइपातून का, एकाच पाइपात कोंबली तर काय आभाळ कोसळणार होतं, असं त्यांना वाटे. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा टाकताना पाहून त्यांनी भाजी शिजवायची आहे का म्हणून विचारलं. सोबतचे दोघंतिघं हसले. मालक बोलले की हसायचं, हे त्यांचं कामच होतं. त्यांच्याजवळच गुणवंतरावांचा पुतण्या प्रणितही उभा होता. तो नागपुरातून इंजिनियर होऊन आला होता आणि मिलमध्ये काचेच्या केबिनात बसून कॅमेऱ्याचे पडदे बघत असे. तो हसला नाही, पण अर्थिंग कशासाठी असतं हेही त्याने काकाला सांगितलं नाही. फरहतने दोन्ही गोष्टी पाहिल्या आणि त्याचीही किंमत ठरवून टाकली.

उद्घाटनाला नारळ फुटला. गुणवंतरावांनी रिमोट हातात घेऊन दांडा वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. आतून बाईचा आवाज स्वागत करत राहिला. इतवारीला नवा गणवेश दिला होता. त्याने प्रत्येक वेळी सलाम ठोकला. मिलच्या मालकाला खेळणं मिळालं होतं आणि खेळणं मिळालेल्या पोरासारखाच त्याचा चेहरा झाला होता. फरहतने निघताना इतवारीला एक मऊ फडकं दिलं आणि सांगितलं की मिलचा कोंडा उडतो, डोळ्यांवर बसतो, सकाळ-दुपार ते पुसायचे. गुणवंतरावांनाही तेच सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांचं लक्ष दिव्याकडे होतं.

दिवाळीनंतर धानाचा हंगाम लागला. ट्रॅक्टर, ट्रक, बैलबंड्या, सगळ्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. फाटलेल्या पोत्यांतून धान सांडे आणि ते झाडून न्यायला गेटपाशी आजूबाजूच्या वस्तीतल्या बायका येत. त्यांच्यात गिरजाबाई सगळ्यांत जुनी. भाताच्या रोवणीच्या दिवसांत ती लोकांच्या शेतात, बांधीत राबायची, हंगामात इथे खराटा आणि सूप घेऊन यायची. मिलवाले त्यांना हाकलत, पण मनापासून नाही, कारण त्यांच्यामुळे रस्ता फुकट साफ होत होता.

कोंडा उडायचा तसा उडाला आणि डोळ्यांवर बसायचा तसा बसला. इतवारीला पुसायला वेळ नव्हता, कारण त्याला प्रत्येक मोठ्या गाडीला सलाम करायचा हुकूम होता. गेट वरच राहू लागलं. गुणवंतरावांनी फरहतला बोलावलं. तिने आपल्या ओढणीच्या टोकाने डोळे पुसले, गेट चाललं, ती गेली. पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गुणवंतरावांनी सांगितलं की ते डोळे काढूनच टाका.

फरहतने नाही म्हटलं. गुणवंतराव म्हणाले की गेट त्यांचं आहे. ती म्हणाली की गेट तुमचं असेल, पण दांडा पडेल तो दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि ते डोकं तुमचं नाही. पाच वेळा सलाम ठोकणाऱ्या माणसाला एकदा फडकं मारायला लावायची अक्कल नसेल तर डोळे काढायची अक्कल तरी कुठून आली, असंही ती बोलली, हमालांच्या देखत. गुणवंतरावांनी तिला परत यायची गरज नाही म्हणून सांगितलं.

तिच्या मागे त्यांनी प्रणितला हाक मारली. आपल्या घरात इंजिनियर असताना बाहेरची बाई कशाला, असं त्यांना वाटलं. प्रणितने कंट्रोलरचा डबा उघडला. डोळ्यांच्या वायरी जिथे येतात त्या दोन टर्मिनलमध्ये त्याने बोटाएवढा वायरचा तुकडा बसवला. आता डोळे काहीही सांगोत, कंट्रोलरला कायम एकच कळत होतं, की वाट मोकळी आहे. काम किती सोपं होतं, असं गुणवंतराव त्या दिवशी दोनतीन जणांना म्हणाले. प्रणितने नेमकं काय केलं, हे त्यांनी विचारलं नाही. प्रणितनेही सांगितलं नाही. खरं म्हणजे त्याला ठाऊक होतं, कॉलेजात हेच शिकवलेलं होतं. पण केबिनात बसून काकाला नाही म्हणण्यापेक्षा डब्यात वायर घालणं त्याला सोपं गेलं.

थोड्याच दिवसांत ते झालं. एक ट्रॉली आत गेली, तिच्या मागे धानाची रेघ सांडली. गिरजाबाई खराटा घेऊन वाकली. रस्त्यातल्या वेटोळ्याला वर लोखंड दिसत नव्हतं, आणि डोळ्यांचं आता कोणी ऐकत नव्हतं. दांडा खाली आला आणि तिच्या खांद्यावर, मानेजवळ बसला. ती तशीच दांड्याखाली दबून खाली गेली. आतून बाईचा आवाज पुढच्या गाडीचं स्वागत करत होता. इतवारीला स्टॉपचं बटण सापडायला वेळ लागला, कारण त्याच्यावर उद्घाटनाचा हार अजून लटकत होता.

एका ट्रॅक्टरवाल्याने तिला ब्रह्मपुरीला दवाखान्यात नेलं. गळ्याखालचं हसळीचं हाड मोडलं होतं, खांद्यालाही मार होता. गुणवंतराव दवाखान्यात गेले नाहीत. त्यांनी मिलमध्ये बसून सांगितलं की बाई कोंड्यावर घसरली.

फरहतला दुसऱ्या दिवशी कळलं. ती तडक गेटपाशी गेली आणि एका डोळ्यासमोर तळहात धरून उभी राहिली. ट्रक आत गेला आणि दांडा निवांत खाली आला. तिला डबा उघडून बघायचीही गरज नव्हती. तिने मेन स्विच पाडला. ती रस्त्याला लागते न लागते तोच प्रणितने तो पुन्हा चढवला. ती ठाण्यात गेली. जमादाराने चहा मागवला आणि सांगितलं की जखमी बाईने तक्रार दिली तर बघू, तुम्ही कोण?

म्हणून ती गिरजाबाईच्या घरी गेली. गिरजाबाई खाटेवर बसली होती, हात गळ्यात बांधलेला. सून चुलीपाशी होती. फरहतने काय झालं ते सांगितलं, वायर, डोळे, प्रणित, सगळं. तक्रार द्या म्हणाली. गिरजाबाई गप्प बसलेली पाहून तिचा तोल गेला. तुम्ही लोक बोलत नाही म्हणूनच ही माणसं माजतात, उद्या दुसरीच्या डोक्यावर पडेल तेव्हाही अशाच बसून राहाल, असं ती ताडताड बोलली.

गिरजाबाईने तिला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, “तुमाले मालूम होतं का, कोंड्यानं त्याचे डोळे बंद होते?”

“हो. मी मालकाले सांगितलं. चौकीदाराले सांगितलं.”

“मले सांगितलं का? मी तर रोज तिथीच वाकून राह्यतो. तुमी तीनदा आल्या, माह्या बाजूनं गेल्या. फडकं त्याले देल्लं, बोलणं मालकाले देल्लं. त्या दांड्याखाली कोण राह्यते, त्याले कोणी काई सांगलं नाई.”

फरहतने ओढणीच्या त्याच टोकाकडे पाहिलं, ज्याने तिने ते डोळे पुसले होते. सून चुलीपाशी थांबून बघत होती. गिरजाबाई पुढे म्हणाली की तक्रारीचं ती बघेल, मालकाचा माणूस सकाळीच येऊन गेला आहे, मिलमध्ये सगळ्यांसमोर मीच घसरले म्हणायचं, मग आत झाडायचं कायमचं काम देऊ, असा निरोप आहे.

“आणि तुमी म्हणणार?”

“पाहतो,” गिरजाबाई म्हणाली.

मालकाला ते का हवं होतं हेही फरहतला नंतर कळलं. हमाल बिथरले होते. गिरजाबाई त्यांच्याच वस्तीतली. दांडा वर बांधून ठेवल्याशिवाय पोतं आत नेणार नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. ट्रॅक्टरवालेही कुरकुरत होते. भर हंगामात धान दारात पडून होतं. दांडा बांधून ठेवला असता तर प्रश्न मिटला असता. पण हमालांच्या म्हणण्यावरून दांडा बांधायचा म्हणजे मान खाली घालायची, आणि गुणवंतरावांची मान तशी वाकतच नसे.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना गेटपाशी जमवलं. फरहतलाही निरोप होता, गेट तिनेच बसवलं आहे तर तिनेही दोन शब्द सांगावेत म्हणून. एवढ्या निर्लज्जपणाचं तिला कौतुकच वाटलं. ती गेली आणि मागे, भिंतीला टेकून उभी राहिली.

गिरजाबाईसाठी प्लास्टिकची खुर्ची आणलेली होती. इतकी वर्षं जिला त्या दारातून हाकलत होते तिला आज बसायला खुर्ची होती. ती बसली नाही.

गुणवंतरावांनी भाषण केलं. मशीन कंपनीचं आहे, मशीन चुकत नाही. बाईचं वय झालं, कोंड्यावर पाय घसरला. दांडा बाईवर पडला नाही, बाई दांड्यावर पडली. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा म्हटलं. तरीही मिल तिला वाऱ्यावर सोडणार नाही. मग ते गिरजाबाईकडे वळले आणि बोला म्हणाले.

“मालक, तुमी म्हणान तसं म्हणतो मी,” गिरजाबाई म्हणाली. “पन पयले तुमी तिथी उभे राहा.”

“कुठी?”

“मी होतो तिथी. दांड्याखाली. मशीन चुकत नाई म्हणता ना? मंग कोणी बटन दाबन, दांडा खाली यीन, तुमाले पाहून थांबन. सगळ्याइले दिसन. मंग मी म्हणतो का मीच घसरलो.”

गुणवंतराव हसले. नेहमी हसणाऱ्या दोघातिघांकडे त्यांनी पाहिलं, तर ते आपल्या चपलांकडे बघत होते. मग ते फरहतकडे वळले आणि तिने या बाईला समजावावं असं म्हणाले.

“मी काय समजावू, भाऊ,” फरहत म्हणाली. “सोपी गोष्ट हाये. उभे राहा.”

ते नाही म्हणू शकले असते. पण समोर एवढी माणसं होती, आणि प्रणितने काहीतरी नीट केलं असेल अशी त्यांची समजूत होती. स्वतःच्याच खोट्यावर माणूस किती सहज विश्वास ठेवतो ते फरहतने त्या दिवशी पाहिलं. गुणवंतरावांनी सदरा खाली ओढला, ऐटीत चालत जाऊन दांड्याच्या बरोबर खाली उभे राहिले आणि केबिनाकडे बघून हात केला.

प्रणित खिडकीत होता. रिमोट त्याच्या हातात होता.

“दाब रे,” गुणवंतराव म्हणाले.

प्रणितने दाबलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. प्रणित बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला होता.

“काका, बाजूले व्हा.”

“काऊन?”

“तो थांबणार नाई. डोळ्याइचं सर्किट मी वायर मारून बंद केलं हाये. तुमीच म्हणलं होतं गेट बंद झालं पायजे म्हणून.”

दांडा अजून वरच होता. कोणी काही दाबलेलं नव्हतं. तरीही गुणवंतरावांनी जी उडी मारली ती त्या वयाच्या आणि त्या पोटाच्या माणसाला साधारणपणे जमत नाही. ते खुर्चीवर आदळले, खुर्चीसकट खाली बसले आणि तिथूनच प्रणितला शिव्या देऊ लागले. मग एक हमाल फस्सकन हसला आणि बाकीच्यांना आवरलं नाही. इतवारीसुद्धा हसला, गणवेशात. गिरजाबाई हसली नाही. हसल्याने तिचा खांदा दुखत होता.

तेवढ्यात ‘स्वागत आहे’ आवाज आला, कारण एक ट्रक रांगेत पुढे सरकला होता. फरहत पुढे गेली, मेन स्विच पाडला, त्याच्या कडीत आपलं कुलूप घातलं आणि किल्ली घेतली. या वेळी तो चढवायला कोणी आलं नाही. मग ती गिरजाबाईपाशी गेली. तक्रारीबद्दल ती काही बोलली नाही, फक्त विचारलं की ठाण्यात जायचं असेल तर गाडी आहे. गिरजाबाईने सोबतच्या दोघींना हाक मारली आणि निघाली. जमादाराने या वेळी चहा मागवला नाही. मागे अर्धी मिल उभी होती.

खटला अजून चालू आहे. प्रणितने ठाण्यात जबाब दिला तो खरा दिला. फरहतचं म्हणणं असं, की डब्यात वायर घालताना तोंड उघडलं असतं तर त्याला शहाणा म्हटलं असतं, हाड मोडल्यावर उघडलं म्हणून फक्त खोटारडा म्हणत नाही. तो सध्या चंद्रपूरला कुठेतरी नोकरीला आहे.

गेट आहे. फरहतने ते पुन्हा जोडलं, पण आधी आपल्या अटी मान्य करून घेतल्या. वाकलेलं माणूस दिसावं म्हणून गुडघ्याच्या उंचीवर डोळ्यांची आणखी एक जोडी बसवली, डब्याला कुलूप लावलं, आणि आतून येणारा बाईचा आवाज कापून टाकला, ती अट मात्र सुरक्षिततेची नव्हती. काम संपल्यावर तिने गेटपाशी झाडणाऱ्या सगळ्या बायकांना बोलावलं आणि डोळे कुठे आहेत, लाल बटण कुठे आहे ते दाखवलं, आणि बटण एकेकीकडून दाबून घेतलं. गुणवंतराव केबिनातून बघत होते. बाहेर आले नाहीत. ट्रॅक्टरवाले अजून त्या दांड्याखाली येऊन थांबतात आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात की मालक, उभे राहता का. म्हणून त्यांची गाडी आता मागच्या, गोदामाच्या बाजूने आत जाते.

गिरजाबाईचा हात खांद्याच्या वर जात नाही. रोवणीला तिला कोणी बोलावत नाही. मिलने आत कायमचं काम देऊ केलं होतं ते तिने घेतलं नाही. तारखेला ती आणि फरहत एकाच बसने जातात. फरहत वाटेत सगळ्या जगाला नावं ठेवते, वकिलाला, जमादाराला, बसच्या कंडक्टरला. गिरजाबाई खिडकीबाहेर बघत ऐकते आणि कधीमधी एखादं नाव आपल्याकडूनही जोडते.